कोकणातील हायस्कूलची नव्याने आखणी कशी करावी

मार्च २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत कोकण विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढे दोनच जिल्हे असलेला हा विभाग निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. ही अभिमानाची गोष्ट आहेच, परंतु निकाल चांगला लागतो म्हणजे शाळा चांगली चालली आहे, असे गृहीत धरून आपण पुढचे प्रश्न विचारायचे थांबतो. मूल घरातून किती वाजता निघते, धो धो पावसात मागच्या बाकावर त्याला शिक्षकांचे शब्द ऐकू येतात का, दुपारी ते काय खाते आणि दहावीनंतर तीन वर्षांनी ते कुठे असते, यांपैकी एकही गोष्ट निकालपत्रकात दिसत नाही. माझ्या मते हायस्कूलची आखणी परीक्षेच्या दिवसाकडे पाहून न करता मुलाच्या रोजच्या दिवसाकडे पाहून करायला हवी, आणि ती कशी करावी हे येथे सांगण्याचा प्रयत्न आहे.

हे लेखन संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापक आणि पालक यांच्यासाठी आहे. आपल्याकडील बहुतेक माध्यमिक विद्यालये स्थानिक शिक्षण संस्थांनी काढलेली आणि शासनाच्या वेतन अनुदानावर चालणारी आहेत. त्यामुळे अभ्यासक्रम आणि शिक्षकभरती वरून ठरत असली तरी घंटा किती वाजता द्यायची, खोल्या कशा वापरायच्या, व्हरांडा किती रुंद ठेवायचा आणि देणगी कशावर खर्च करायची, हे आजही गावातच ठरते. आखणी बदलायला एवढी मोकळीक पुष्कळ आहे.

पाहणी जुलैत करावी

शाळेची पाहणी मे महिन्यात केली तर सगळेच ठाकठीक दिसते. रस्ते कोरडे असतात, वहाळाला पाणी नसते आणि छत गळत नाही. म्हणून पहिली पाहणी भातलावणीच्या दिवसांत, भर पावसात करावी. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक ओळ असा तक्ता करावा आणि त्यात वाडीचे नाव, घर सोडण्याची वेळ, पायी चालण्याची मिनिटे, वाटेत ओलांडावा लागणारा पऱ्या (ओढा) किंवा साकव (लहान पूल), एसटीची वेळ, शाळेत पोहोचण्याची वेळ आणि संध्याकाळी घरी पोहोचण्याची वेळ एवढेच लिहावे. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने २००९ मध्ये पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी असे ठरवले. पण मधे खाडी किंवा डोंगर आला की नकाशावरचे तीन किलोमीटर प्रत्यक्षात तासाभराची वाट होतात. सर्वांत लांबच्या दोन-तीन वाड्यांपर्यंत शिक्षकांनी मुलांबरोबर स्वतः चालत जावे. पाखाडीच्या निसरड्या पायऱ्या उतरून, दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आलेली मुलगी पहिल्या तासिकेला का पेंगते, हे तक्ता पाहण्यापेक्षा त्या वाटेने एकदा चालल्यावर लवकर कळते.

तक्ता हातात आला की बहुधा असे आढळते : शाळा साडेदहाला भरते, पण वाडीवरून येणारी सोयीची गाडी एकच असल्यामुळे मुले नऊ-सव्वानऊलाच येऊन पायरीवर बसतात. सायंकाळी पाचला शाळा सुटते आणि परतीची गाडी सहा-साडेसहाला असते. म्हणजे रोजचे सव्वादोन ते तीन तास कोणाच्याच हिशेबात नसतात. ते हिशेबात आणणे हा आखणीतला पहिला बदल होय, आणि त्याला पैसा जवळजवळ लागत नाही.

यासाठी आधी आगार व्यवस्थापकांकडे अर्ज करावा. "गाडी वेळेवर सोडावी" एवढ्या एका ओळीच्या अर्जाने काही होत नाही. अर्जासोबत थांब्यानुसार विद्यार्थ्यांची संख्या, हवी असलेली नेमकी वेळ आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा आणि प्रत विभाग नियंत्रकांना द्यावी. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, त्यामुळे पासधारक मुलींची संख्या वेगळी दाखवावी. रात्री वस्तीला येणारी गाडी पहाटे निघत असेल, तर ती शाळेच्या उपयोगाची नाही हेही स्पष्ट लिहावे. एवढे करूनही गाडी बदलली नाही, तर घंटा बदलावी. शिक्षणाधिकाऱ्यांना कळवून शाळेची वेळ अर्धा तास पुढेमागे करता येते, आणि उरलेल्या वेळात ग्रंथालय उघडे ठेवता येते. त्या वेळेची जबाबदारी शिक्षकांनी पाळीपाळीने घ्यावी आणि ज्यांची पाळी असेल त्यांना त्या दिवशी एक तासिका मोकळी द्यावी, नाहीतर ही सोय दोन महिन्यांत बंद पडते.

दुपारच्या जेवणाचा प्रश्न याच तक्त्यातून समोर येतो. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. एकाच इमारतीत आठवीचे मूल गरम खिचडी खाते, आणि सकाळी आठला घर सोडलेले नववीचे मूल डब्यातल्या गार भाकरीवर किंवा दुकानातल्या बिस्किटांवर दिवस काढते. नववी-दहावीच्या मुलांचे जेवण गावाने उचलावे, असे मी आग्रहाने सांगेन. तांदूळ घराघरातून मिळतो. खर्च डाळ, तेल, गॅस आणि स्वयंपाकी मावशींच्या जास्तीच्या मानधनाचा असतो. देणगीदारांपुढे ठेवण्याची ही पहिली मागणी असावी.

इमारत : पाऊस, वारा आणि आवाज

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तरीही आपल्या शाळांच्या इमारती देशावरच्या आराखड्यांवरून बांधल्या जातात. लांब सरळ ओळ, अरुंद व्हरांडा आणि वर पत्रा. या पत्र्याची परीक्षा सोपी आहे. जोराच्या सरीत शेवटच्या बाकावर बसावे आणि शिक्षकांना नेहमीच्या आवाजात शुद्धलेखनाची दहा वाक्ये सांगायला सांगावे. जेवढी वाक्ये चुकतील, तेवढे शिक्षण त्या वर्गात पावसाळाभर वाया जाते. शिक्षक ओरडून शिकवतात, मुले अंदाजाने लिहितात आणि शेवटी सगळेच फळ्यावरून उतरवून घेण्यावर येऊन थांबतात. कौलारू छताखाली हा त्रास पुष्कळ कमी असतो. पत्रा बदलणे शक्य नसेल, तर त्याच्याखाली हवेची पोकळी ठेवून सिमेंट-फायबर बोर्डाचे किंवा फळ्यांचे दुसरे छत करावे. जिप्समचे छत आपल्या दमट हवेत टिकत नाही, ते टाळावे.

पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या बाजूला रुंद व्हरांडा हवा. तो आठ फुटांहून कमी असला तर झड थेट खिडकीतून आत येते, खिडक्या बंद कराव्या लागतात आणि वीज गेली की वर्गात अंधार होतो. रुंद व्हरांड्याचा दुसरा उपयोग असा की ओल्या छत्र्या आणि रेनकोट टांगायला जागा मिळते, आणि मैदानात चिखल असताना मुलांना मधल्या सुट्टीत वावरता येते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत शाळांचे पत्रे उडाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आले. वारा पत्र्याला कडांकडून, कोपऱ्यांकडून आणि आढ्याकडून उचलतो, म्हणून या जागी स्क्रू जवळजवळ असावेत आणि खाऱ्या हवेत न गंजणारे असावेत. व्हरांड्याचे छप्पर मुख्य छपराचाच पुढे आलेला भाग करू नये; ते वेगळे बांधले तर वादळात व्हरांडा गेला तरी वर्ग वाचतो. दुरुस्तीचे अंदाजपत्रक करताना हे मुद्दे अभियंत्याला लेखी द्यावेत, कारण कंत्राटात लिहिलेले नसेल ते कामात येत नाही.

एवढा पाऊस पडूनही एप्रिलमध्ये शाळेच्या टाकीत पाणी नसते आणि त्याचा पहिला फटका मुलींच्या स्वच्छतागृहाला बसतो. २०० चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे सहा लाख लिटर पाणी होते. त्यातला पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी चार लाख ऐंशी हजार लिटर उरते. हे सारे साठवण्याची गरज नाही. पन्हळ लावून पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडावे, नंतरचे विहिरीत किंवा कूपनलिकेजवळच्या शोषखड्ड्यात मुरवावे आणि उन्हाळ्यासाठी एक झाकलेली टाकी राखून ठेवावी. मुलींचे स्वच्छतागृह इमारतीच्या मागे, झाडीत, एकट्याने जायला भीती वाटेल अशा जागी नसावे.

पटसंख्या घटल्यामुळे अनेक शाळांत दोन-तीन खोल्या मोडक्या बाकांनी भरून कुलूपबंद आहेत. त्या मोकळ्या करून एक कार्यशाळा आणि एक वाचनालय करावे. नवीन बांधकामाचा विचार त्यानंतर.

दिवस आणि वर्ष

३५-४० मिनिटांच्या आठ तासिकांत प्रयोग, लेखन किंवा चर्चा नीट होत नाही. आठवड्यातून निदान तीन दिवस विज्ञान, गणित आणि भाषेच्या जोड तासिका ठेवाव्यात. एकूण तासिका तेवढ्याच राहतात, त्यामुळे कोणाच्या कार्यभारात फरक पडत नाही.

वर्षाची आखणी गावाच्या कामांवरून करावी. लावणीत आणि कापणीत मुले घरी लागतात. गणपतीत आणि शिमग्यात वर्ग रिकामे असतात. मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्ट्या या दिवसांसाठी राखाव्यात आणि चाचणी परीक्षा त्यांच्या लगेच नंतर कधीही ठेवू नये. अतिवृष्टीच्या सुट्ट्या दरवर्षी येणारच. त्यासाठी जूनमध्येच प्रत्येक विषयाचे पाच दिवसांचे छापील काम मुलांच्या हाती द्यावे. वादळी पावसात वीज आणि मोबाइलची रेंज दोन्ही जातात, त्यामुळे ऑनलाइन वर्गांवर भिस्त ठेवू नये.

हाताने शिकण्याचा एक दिवस

पाबळच्या विज्ञान आश्रमाने ग्रामीण हायस्कूलसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष कामाचा असतो : अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह आणि आरोग्य. कोकणात हा दिवस आपल्या कामांनी भरता येतो. उदाहरणार्थ, आंब्याच्या कोय कलमाचा हंगाम जून ते ऑगस्ट, म्हणजे शाळा सुरू होतानाच येतो. आठवीच्या मुलांनी पन्नास कोयी रुजवाव्यात, तांबूस कोवळ्या रोपाला पाचर कलम बांधावे, तारीख आणि बांधणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर लिहावे आणि महिन्याभराने किती जगली ते मोजावे. टक्केवारी, वनस्पतीच्या ऊती, नोंदवहीतले मराठी लेखन आणि रोपाची किंमत काढण्याचा हिशेब, हे सगळे एकाच कामातून येते. रोपवाटिकाधारक, बोटीच्या इंजिनाचे मिस्त्री, आमसुले करणाऱ्या महिला बचत गटाच्या सदस्या यांना शिकवायला बोलवावे आणि त्यांना मानधन द्यावे. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच पिकांवर काम करत आहे. त्याच्या जवळच्या संशोधन केंद्राशी पत्रव्यवहार करावा. हा दिवस "कच्च्या" मुलांसाठी नाही. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलीलाही तो तितकाच हवा, आणि हे पालकसभेत स्पष्टपणे सांगावे लागते.

शिक्षक, पैसा आणि निर्णय

संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर होणारी शिक्षकांची पदे, पटावर ठरते आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तिचे निकष बदलल्यापासून लहान शाळांची चिंता वाढली आहे. शेजारच्या तीन-चार हायस्कूलनी एकत्र बसून विज्ञान, इंग्रजी, चित्रकला यांच्या शिक्षकांचे दिवस वाटून घ्यावेत. शाळा संकुलाची ही कल्पना कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच मांडली होती आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही ती घेतली आहे. प्रवास मात्र शिक्षकांनी करावा, मुलांनी नव्हे. मुलांना लांब नेऊन शाळा बंद करणे याला संकुल म्हणता येणार नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, पण अनुदानित शाळेत ही समिती केवळ सल्लागार असते आणि कायदाही आठवीपर्यंतच लागू आहे. म्हणून संस्थेने स्वतःहून ठराव करून वेळापत्रक, जेवण आणि दुरुस्ती या तीन बाबींत पालकांचे मत बंधनकारक मानावे. त्या सभांना आया याव्यात असे वाटत असेल, तर मासळी बाजाराच्या आणि लावणीच्या वेळा टाळाव्यात.

गावाच्या मुंबई मंडळाकडून, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाकडून, देणगी येते ती बहुधा कमानीसाठी, रंगमंचासाठी किंवा नामफलक लावता येईल अशा खोलीसाठी. देणगीदारांचा भाव खरा असतो. त्यांच्यापुढे गरज नीट मांडलेली नसते. मे महिन्यात चाकरमानी गावी असताना सभा घ्यावी, एका पानावर वर्षाचा जमाखर्च द्यावा आणि देखभाल निधी वेगळ्या खात्यात ठेवावा. पन्हळ, स्क्रू, छत आणि नववी-दहावीचे जेवण यांची किंमत त्याच पानावर लिहावी, म्हणजे कोणाला काय उचलायचे ते ठरवता येते.

शेवटी एक नोंदवही सुरू करावी. दहावी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव तिच्यात लिहावे आणि पुढची तीन वर्षे दर मे महिन्यात एका शिक्षकाने फोन करून ते मूल काय शिकते, काय काम करते, शिक्षण सुटले असेल तर का सुटले, हे नोंदवावे. ही वही संस्थेच्या वार्षिक सभेत निकालपत्रकाच्या आधी वाचावी आणि पुढच्या वर्षाचे वेळापत्रक तिच्यातली कारणे पाहून ठरवावे.