पावासाठी गोव्यात जाताय? या चुका टाळा

बांदा मागे पडलं, पत्रादेवी आली, की गोवा सुरू. सावंतवाडी-कुडाळकडच्या माणसाला सकाळचा चहा घरी घेऊन दुपारच्या जेवणापर्यंत म्हापशाची फेरी मारून परत येता येतं. त्यामुळे ‘चल, गोव्यातून पाव घेऊन येऊ’ हा बेत आमच्याकडे बसल्या जागी ठरतो आणि तितक्याच सहज फसतो. संध्याकाळी घरी टेबलावर काय येतं, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम फुटलेली पोई (कोंडा लावलेला गोल पाव), हायवेवरच्या काजूच्या दुकानातली खोक्यातली बेबिंका (थरांची गोवन मिठाई), आणि ‘ह्याच्यासाठी एवढ्या लांब गेलात?’ असा घरच्यांचा चेहरा.

गोव्याच्या पावाचा यात काही दोष नसतो. लोक दुकानांची यादी घेऊन निघतात आणि घड्याळ घरी विसरतात. पाव म्हणजे किल्ला किंवा देऊळ नव्हे, की केव्हाही गेलं तरी जागच्या जागी सापडेल. भट्टीतून निघाल्यापासून त्याचं आयुष्य काही तासांचं असतं. नाव कोणाचं यापेक्षा वेळ कुठली, हे आधी बघा.

सीमा ओलांडल्या-ओलांडल्या थांबणं

पत्रादेवीनंतर जो पेडणे तालुका लागतो तो अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. पोर्तुगीजांकडे तो उशिरा गेला. बार्देश, तिसवाडी आणि सासष्टी हे मुलूख मात्र सोळाव्या शतकापासून त्यांच्या हाताखाली होते. गव्हाचा पाव, चर्च आणि पोदेर (पाव भाजून विकणारा) यांची गाठ पडली ती तिथे. पाव भाजायची कला जेझुइट धर्मगुरूंनी प्रथम सासष्टीतल्या माजोर्डा गावात शिकवली, असं सांगतात. पेडण्यातही आज पोदेर सायकलवरून फिरतात, पाव मिळतो, पण त्यासाठी मुद्दाम गेलात तर सावंतवाडीपेक्षा फार वेगळं काही हाती लागणार नाही.

माझ्या मते पावाची सीमा पत्रादेवीला नाही, कोळवाळच्या पुलावर आहे. शापोरा नदी ओलांडली की बार्देश. तिथून म्हापसा, हळदोणे, शिवोली, आसगाव, साळगाव अशी गावं आहेत, आणि या पट्ट्यात जुन्या भट्ट्या अजून टिकून आहेत. वेंगुर्ले-शिरोड्याकडच्यांनी बांद्याला वळसा घालायची गरज नाही. आरोंद्याहून किरणपाणीच्या पुलावरून तेरेखोल नदी पार करा आणि शिवोलीमार्गे म्हापशाला उतरा. रस्ता अरुंद आहे, पण हायवेवरचे ट्रक तरी नाहीत.

दुपारी बारा वाजता पोहोचणं

सगळ्यांत जास्त फेऱ्या याच चुकीने वाया जातात. गावातली भट्टी रात्रभर चालते. पहाटे पाव निघतो, टोपल्या सायकलवर चढतात, पोदेर भोंगा वाजवत वाड्यावाड्यांवर जातो आणि आठ-साडेआठपर्यंत बहुतेक माल संपतो. दुसरी फेरी दुपारनंतर, चहाच्या आधी. मधल्या वेळात भट्टीवाला झोपलेला असतो, आणि त्याने झोपायलाच हवं.

म्हणून दोनच वेळा खऱ्या. एक तर पहाटे निघून साताच्या सुमारास गावात पोहोचा. नाही तर जेवून आरामात निघा आणि चार-पाचच्या आसपास पोहोचा. दुसरी वेळ जास्त शहाणपणाची, कारण तो पाव रात्रीच्या जेवणाला घरी येतो. सकाळचा पाव दिवसभर गाडीत फिरवून रात्री खायचा, यात काही मजा नाही.

भट्टी शोधायलाही लोक चुकतात. मोबाइलच्या नकाशावर ‘बेकरी’ टाकलं की केकची दुकानं निघतात. पोदेराच्या भट्टीला बहुधा पाटीच नसते. घराच्या मागच्या बाजूला लाकडांची रास, धुराने काळवंडलेलं धुराडं आणि भिंतीला टेकलेली टोपलीवाली सायकल, या तीन गोष्टी दिसल्या की विचारा. आपल्या मालवणीत विचारलं तरी समोरच्याला कळतं. उत्तर कोंकणीत येईल, तेही आपल्याला कळतं. उगाच हिंदीत शिरू नका, भाव पर्यटकाचा मिळतो असं नाही, पण गप्पा मात्र पर्यटकाच्याच होतात.

नुसतं ‘पाव द्या’ म्हणणं

असं म्हटलं की समोर आपल्याकडच्यासारखाच चौकोनी मऊ पाव येतो. तो वाईट नसतो, पण तो आपल्याकडे मिळतोच. मागायचं ते नाव घेऊन.

पोई गोल, चपटी, वरून कोंडा भुरभुरलेली आणि आतून पोकळ. चिरली की खिसा तयार होतो, त्यात काहीही भरा. पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत. आता सूर काढणारेच कमी झालेत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी यीस्ट असतं. ‘सुरेची पोई’ असं कुठल्या दुकानाने पाटीवर लिहिलं असेल तर आनंद माना, पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. उंडो बाहेरून कडक, मध्ये चीर असलेला. आपल्या कोंबडीच्या रश्शात किंवा सोलकढीआधीच्या सुक्या मटणाबरोबर उंड्याला तोड नाही, कारण रस्सा शोषूनही त्याचा लगदा होत नाही. कात्रे पाव कातरीने कापून फुलपाखरासारखा आकार दिलेला असतो. आणि कांकणं म्हणजे बांगडीसारखी, खुसखुशीत, चहात बुडवून खायची.

पहिल्यांदा जाणारे सगळं पोईवरच खर्च करतात. मी उंडे जास्त घेतो. पोईचं कौतुक जरा अतीच झालंय, रेस्टॉरंटांनी तिच्यात पनीरसुद्धा कोंबायला सुरुवात केल्यापासून तर नक्कीच.

पणजी आणि मडगाव एकाच दिवसात

सावंतवाडीहून पणजी साठेक किलोमीटर. पणजीत बघण्यासारख्या जुन्या बेकऱ्या चालत फिरण्याच्या अंतरात आहेत. फोंताइनास वस्तीतली कॉन्फेतारिया ३१ दि जानेरो १९३० पासूनची आहे, आणि गार्सिया द ओर्ताच्या बागेजवळच्या मि. बेकरने तर १९२२ हे साल नावातच घेतलंय. करंझाळ्याला पडारिया प्राझेरेस ही अलीकडची, पोर्तुगीज पद्धतीचा कस्टर्ड टार्ट तिथला खावा. एवढं एका सकाळीत निवांत होतं.

गडबड होते ती यादीत लोटलीची जिला बेकरी घुसवली की. तिथली एक्लेर (क्रीम भरलेल्या लांबट पेस्ट्र्या) चांगलीच आहेत, नाव उगाच झालेलं नाही. पण लोटली सासष्टीत, मडगावच्या बाजूला, जुवारी नदीच्या पलीकडे. नवा पूल झाला तरी पणजीहून तिथे जाऊन परत सीमेपर्यंत यायचं म्हणजे दिवस रस्त्यातच गेला. आणि तिथे उशिरा पोहोचलात तर पेट्या रिकाम्या. दक्षिण गोवा हवाच असेल तर मुक्कामाची पिशवी घ्या. एका दिवसात उत्तर पुरे.

शहरातल्या जुन्या दुकानांची आणखी एक गंमत म्हणजे दुपारची विश्रांती. एक ते चारच्या दरम्यान शटर खाली असण्याची तयारी ठेवा. रविवारी अनेक जागा बंद किंवा अर्धा दिवस. गुड फ्रायडेच्या आसपास बेकरीसाठी जाऊच नका. मुंबईकर सुट्टी रविवारी म्हणून बेत रविवारचा करतात आणि मग फोंताइनासच्या रंगीत भिंतींसमोर फोटो काढून परत येतात.

आत काय आहे ते न विचारणं

हे जरा सविस्तर सांगतो, कारण यात भांडणं झालेली पाहिली आहेत, आणि ती बेकरीवाल्याशी नव्हे, गाडीतल्या गाडीत. आपल्याकडे पॅटिस म्हटलं की बटाटा डोळ्यांसमोर येतो. गोव्यातल्या बेकरीत काचेमागे शेजारी शेजारी ठेवलेले चार पॅटिस दिसायला एकसारखे असतात, आणि त्यांच्यात भाजी, कोंबडी, बीफ आणि चोरीस असू शकतं. चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाची व्हिनेगर आणि मिरची लावलेली सॉसेज. दुकानदार लपवत नाही, विचारलं की स्वच्छ सांगतो. पण विचारायचं तुम्ही असतं. ‘भितर कितें आसा?’ एवढं पुरे. कडक शाकाहारी असाल तर ट्रे आणि चिमटा एकच असतो हेही मनात धरा, मग घ्यायचं की नाही ते ठरवा.

गोडाचं त्याहून फसवं. बेबिंका बघून कोणाला वाटणार नाही की तिच्यात भरपूर अंड्यांचा बलक आहे. नारळाचं दूध, मैदा, साखर, तूप, जायफळ आणि बलक, एकेक थर ओतून वरून आच देऊन भाजायचा, मग पुढचा थर. म्हणूनच ती महाग असते आणि म्हणूनच स्वस्त बेबिंकाकडे संशयाने बघावं. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पण ते नाव तेवढं घेऊन फ्लेवर घातलेले ठोकळे अजूनही विकले जातात. कापलेली बेबिंका मागून घेऊन बघा. थर वेगळे सुटायला हवेत, कडा नीट तपकिरी हव्यात आणि बोटाला तूप लागायला हवं. रव्याच्या आणि नारळाच्या बाटिक केकमध्ये अंडं असतं, बोलिन्यांमध्येही (नारळाची बिस्किटं) असतं. घरी आजी अंडं खात नसतील तर दोदोल घ्या. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ. पेरूची पेराद आणि चण्याच्या डाळीचं दोससुद्धा सहसा बिनअंड्याचं, तरी एकदा विचारा.

गरम पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत

गरम पावातून वाफ निघत राहते. प्लॅस्टिकमध्ये ती बाहेर जात नाही, पिशवीला आतून पाणी सुटतं, कडक पापुद्रा चामड्यासारखा होतो, आणि आपल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी हिरवे ठिपके. घरून निघतानाच बांबूची टोपली किंवा उघड्या तोंडाची कापडी पिशवी आणि एक सुती फडकं घ्या. पाव निवेपर्यंत झाकायचा नाही, निवल्यावर फडक्यात सैलसर गुंडाळायचा. गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, तिथे उन्हाळ्यात दुसरी भट्टीच असते. मागच्या सीटवर, आणि मासळीची पिशवी असेल तर तिच्यापासून लांब. पाव वास फार पटकन धरतो.

क्रीमची पेस्ट्री शेवटच्या थांब्यावर घ्या किंवा तिथेच खाऊन मोकळे व्हा. एप्रिल-मेमध्ये बर्फाच्या खोक्याशिवाय एक्लेर सीमेपर्यंतसुद्धा धड येत नाही.

घरी आल्यावर बिघडलं तर

पोई चिवट झाली असेल तर फ्रिजमध्ये ठेवलेली असणार. फ्रिजच्या गारव्यात पावातलं स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर घट्ट होतं. त्याच दिवशी खायचा पाव बाहेर ठेवा. उरणार असेल तर आल्या-आल्या डीपफ्रीजरमध्ये घाला आणि हवा तेव्हा थेट तव्यावर. चिवट पोईला दोन्ही बाजूंनी पाण्याचा हात लावा, मंद तव्यावर झाकण ठेवून दोनेक मिनिटं, मग झाकण काढून पुन्हा थोडी. मऊ होते, पण निवण्याआधी खायची. ही युक्ती एकदाच चालते, दुसऱ्यांदा गरम केली की पापड.

उंडो नरम पडला तर पाणी अजिबात नको. ओव्हनमध्ये किंवा जाड तव्यावर कोरडाच भाजा. ओव्हन नसेल तर गॅसवर जाळी ठेवून फिरवत राहा.

कांकणं मऊ पडणं ही पावसाळ्यातली तक्रार. तव्यावर मंद आचेवर शेकून, पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरलीत तर पुन्हा तेच. लांबचा प्रवास असेल, पुण्या-मुंबईला न्यायचं असेल, तर पावाचा हट्ट सोडा आणि कांकणं न्या, ती प्रवासासाठीच केल्यासारखी आहेत.

बेबिंका कोरडी वाटली तर ती बहुधा थंड आहे. फ्रिजमध्ये तूप थिजतं. कापून, किंचित गरम करून खा.

बारीकसारीक, पण नडणारं

भट्टीवर सुट्टे पैसे न्या, पहाटे साडेसहाला क्यूआर कोड शोधत बसू नका. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बघण्यासारखा असतो, चोरिसाच्या माळा तिथे छान मिळतात, पण गाडी लावायला जागा मिळणार नाही हे गृहीत धरा. फक्त पाव हवा असेल तर शुक्रवार टाळा. चवथीच्या दिवसांत राष्ट्रीय महामार्ग ६६ वर चाकरमान्यांची रांग असते, तेव्हा आरोंद्याचा रस्ता धरा. नाताळची बेबिंका हवी असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. चोवीस तारखेला दारात उभं राहून मिळते ती दुसऱ्या कोणीतरी न नेलेली असते.

आणि परतताना त्या टोपलीखाली बाटली सरकवू नका. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणता येत नाही, आणि इन्सुलीच्या नाक्यावर राज्य उत्पादन शुल्काची माणसं असतात. पावाच्या टोपलीचा वास त्यांनाही ओळखीचा आहे. गाडी बाजूला घेतली की तासभर जातो, आणि चारची पोई तोपर्यंत सहाची झालेली असते.