वैद्यकीय आणि औषध संशोधनाचं अनुदान: विदर्भातल्या गावाखेड्यांतून प्रस्ताव पाठवताना या चुका टाळा

विदर्भात संशोधनाला विषयांची वाण नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरात माहीत आहे. पूर्व विदर्भातून हत्तीरोग अजून गेलेला नाही. मेळघाटातल्या बाळांचं वजन हा वर्षानुवर्षांचा घोर आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. आणि इथल्या कामाची जगानं दखलही घेतली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केलेला घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा अभ्यास 1999 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला आणि पुढं तीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली.

तरीही तालुक्याच्या फार्मसी कॉलेजातून, ग्रामीण मेडिकल कॉलेजातून किंवा एखाद्या छोट्या सेवाभावी दवाखान्यातून गेलेले प्रस्ताव पहिल्याच चाळणीत गळतात. असे प्रस्ताव वाचताना आणि दुरुस्त करताना एक गोष्ट परत परत दिसते: विज्ञान कच्चं असल्यामुळं फार थोडे पडतात. बहुतेक पडतात ते क्रम उलटा असल्यामुळं. आधी अनुदानाची जाहिरात, म्हणजे 'कॉल', दिसते, मग विषय शोधला जातो, मग परवानग्या आठवतात आणि गावाचा विचार सगळ्यात शेवटी येतो.

कॉल निघाल्यावर कागद गोळा करायला बसणं

अर्ज भरायला मिळणारे तीन-चार आठवडे फक्त प्रस्ताव लिहिण्यापुरते असतात. संस्थेची कागदपत्रं त्यात होत नाहीत. खासगी कॉलेज किंवा ट्रस्ट असेल तर डीएसआयआरची (केंद्राचा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग) 'सायरो', म्हणजे संशोधन संस्था म्हणून मान्यता, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी, पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन यंत्रणेवरचं खातं आणि मागच्या वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब ही तयारी कॉल नसतानाच्या काळात करून ठेवायची असते. प्राचार्यांना हे पटवून देणं अवघड जातं, कारण समोर कुठलीच शेवटची तारीख नसते. पण खरी वेळ तीच आहे.

एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधन नैतिक आहे का ते तपासणाऱ्या समितीचा, घोळ सर्वांत जास्त. 2019 च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार दोन वेगळ्या नोंदण्या आहेत. नव्या औषधाची ट्रायल (माणसांवरची चाचणी) तपासणारी कमिटी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नोंदलेली लागते. सर्वेक्षण, रक्ततपासणी, निरीक्षणात्मक अभ्यास असं जैववैद्यकीय संशोधन तपासणारी कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे, म्हणजे 'नैतिक' पोर्टलवर, नोंदलेली लागते. एक नोंदणी दुसरीच्या जागी चालत नाही. 'आमची कमिटी रजिस्टर्ड आहे' एवढ्यावर थांबू नका, कुठं रजिस्टर्ड आहे आणि मुदत कधी संपते ते बघा.

ट्रायलच्या ठिकाणी स्वतःची कमिटी नसेल तर दुसरीकडच्या कमिटीची मंजुरी चालते, पण ती कमिटी त्याच शहरात किंवा 50 किलोमीटरच्या आत असावी लागते. वर्धा-सावंगी-सेवाग्राम भागात याची अडचण येत नाही. भामरागड किंवा सिरोंच्याला मात्र हा नियम आधी बघूनच पुढं जावं लागतं. प्राण्यांवर प्रयोग असतील तर अॅनिमल हाउसची नोंदणी आणि संस्थेच्या प्राणी नैतिक समितीची मंजुरी वेगळी.

प्रमुख संशोधक कोण, हेही आधीच ठरवा. बहुतेक योजना नियमित नोकरीतला माणूस मागतात. कंत्राटी प्राध्यापकाचं नाव टाकून प्रस्ताव गेला की तो वाचलाच जात नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या सरांच्या नावानं तीन वर्षांचा प्रकल्प मागितला तरी तसंच होतं. सहसंशोधकांपैकी निदान एक जण त्याच संस्थेतला ठेवा. प्रमुखाची बदली झाली तर काम कोणाच्या हाती राहणार, हे परीक्षक विचारतातच.

चुकीच्या दारावर जाणं

आजाराचं ओझं, निदान, उपचाराची पद्धत, आरोग्यसेवा कशी पोचते असे प्रश्न आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे. एखादी कल्पना उत्पादनापर्यंत न्यायची असेल, म्हणजे स्वस्त तपासणी किट किंवा उपकरण, तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या संस्थेची बिग योजना: 50 लाखांपर्यंत, 18 महिने. मूलभूत प्रश्नावर काम करणाऱ्या तरुण प्राध्यापकांसाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आहे. विज्ञान संशोधनाला अनुदान देणारं जुनं मंडळ एसईआरबी आता त्यातच विलीन झालं आहे, तेव्हा जुन्या साइटवरचे फॉर्म काढून भरत बसू नका. आयुर्वेदिक कॉलेजांना आयुष मंत्रालयाची बाह्य संशोधन योजना आहे. डॉक्टर-संशोधकांनी इंडिया अलायन्सच्या (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांचा एकत्र उपक्रम) क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य फेलोशिपकडेही बघावं. पीएचडी करणाऱ्या मुलामुलींना अधिछात्रवृत्ती देणाऱ्या राज्य सरकारच्या महाज्योती, बार्टी, सारथी आणि आदिवासी संशोधन संस्था आहेत. त्यातली महाज्योती तर नागपुरातच आहे.

औषध आणि वैद्यकीय उपकरण संशोधनाच्या केंद्राच्या प्रिप योजनेचा 5,000 कोटींचा आकडा ऐकून अनेक फार्मसी कॉलेजं हुरळून जातात. त्यातले 700 कोटी देशातल्या सात नायपर (राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण आणि संशोधन) संस्थांमधल्या उत्कृष्टता केंद्रांसाठी आहेत, आणि त्यातली एकही महाराष्ट्रात नाही. मोठा हिस्सा, 4,250 कोटी, उद्योग आणि स्टार्टअपकेंद्री संशोधनासाठी आहे. लहान कॉलेजानं यात एकट्यानं शिरण्यापेक्षा एखाद्या कंपनीचा भागीदार म्हणून जाणं शहाणपणाचं.

'ग्रँट मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. आयसीएमआर, बायरॅक किंवा अनुसंधान फाउंडेशनच्या संशोधन प्रस्तावाला अर्जाची फी नसते.

अमुक पानाचा अर्क, तमुक उंदरावर

फार्मसीच्या प्रस्तावांबद्दल मला मनापासून काळजी वाटते, कारण मेहनत खूप असते आणि ती वाया जाते. 'अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काचा मधुमेही उंदरांवर परिणाम' हा साचा परीक्षकांनी शेकडो वेळा वाचलेला असतो. अर्क दिला आणि साखर उतरली, यात नवं काहीच राहिलेलं नाही. अर्कात नेमकं काय आहे, दर वेळी तेवढंच असतं का, आणि ते शरीरात कोणत्या मार्गानं काम करतं, हे विचारलं जातं.

त्यासाठी सुरुवात रानातून करा. झाडाचा नमुना कुठून, कोणत्या महिन्यात घेतला ते लिहा. तो नागपूर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागासारख्या ठिकाणी ओळखून घ्या आणि हर्बेरियम क्रमांक (वाळवून जपलेल्या नमुन्यांच्या संग्रहातला नंबर) प्रस्तावात टाका. अर्काचं प्रमाणीकरण कोणत्या घटकावरून करणार ते सांगा. औषध म्हणून पुढं न्यायचं असेल तर 2015 पासून फायटोफार्मास्युटिकलची, म्हणजे वनस्पतीपासूनच्या प्रमाणित औषधाची, स्वतंत्र वाट आहे. तिथं शुद्ध आणि प्रमाणित केलेल्या अंशात किमान चार घटक निश्चित केलेले असावे लागतात. ही अट नजरेसमोर ठेवून पहिल्या वर्षाचं काम आखलं तर प्रस्तावाचा दर्जाच बदलतो.

यंत्रांची यादी हाही मोठा दोष. एकूण मागणीतली अर्ध्याहून जास्त रक्कम एचपीएलसी (अर्कातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आणि त्याच्या एसीवर असेल तर परीक्षकाला वाटतं, यांना प्रश्नाचं उत्तर नको, यंत्र हवंय. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची यंत्रं आणि त्यांच्या वापराची सोय दिसते. नमुने तिथं तपासून घेण्याचा खर्च मागा, तो सहज पटतो.

जंगलातून झाडपाला आणायचा तर वनविभागाची परवानगी लागते, आणि ताडोबा किंवा मेळघाटसारख्या व्याघ्र प्रकल्पात नियम आणखी कडक आहेत. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथं ग्रामसभेला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. मेंढा-लेखाला हा हक्क 2009 मध्ये मिळाला आणि त्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक गावांना. वैदूंकडून ऐकलेल्या माहितीवर पेटंट घ्यायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा आधी वाचा. रानातल्या वनस्पतीवर आधारलेलं पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी संबंध येतोच. आणि ज्या माणसानं झाड दाखवलं, त्याचा वाटा काय, याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

नमुना संख्या आणि शेतीचं वर्ष

'100 रुग्ण घेऊ' असं कारण न देता लिहिलेला प्रस्ताव सांख्यिकी परीक्षकाच्या हातून सुटत नाही. समजा, एखाद्या तालुक्यात सिकलसेल वाहकांचं (स्वतः आजारी नसून मुलांना आजार देऊ शकणाऱ्यांचं) प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास असेल असं धरलं आणि अंदाजात दोन टक्के इकडेतिकडे चालेल असं ठरवलं. साध्या सूत्रानं 900 माणसं लागतात. पण आपण माणसं सुटीसुटी निवडत नाही, गावं निवडतो, आणि एका गावातली माणसं एकमेकांच्या नात्यातली असतात. म्हणून ही संख्या दीडपट ते दुप्पट करावी लागते, म्हणजे 1,350 ते 1,800. एवढी माणसं किती दिवसांत, किती जणांच्या मदतीनं आणि किती पैशात होतील, हे त्यानंतरच कळतं. प्रमाणाचा अंदाज कशावरून घेतला, तेही लिहा. वर्धा, नागपूर, यवतमाळ, अकोला इथल्या कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या जनवैद्यकशास्त्र विभागात हे गणित करून देणारी माणसं आहेत. प्रस्ताव लिहायच्या आधी त्यांच्याकडे जा, नंतर नको.

वेळापत्रकात तर बाहेरचा परीक्षक जे पकडू शकणार नाही, ते आपल्याला पकडता आलं पाहिजे. अनुदानाचं वर्ष एप्रिल ते मार्च चालतं, गावाचं वर्ष तसं चालत नाही. जून-जुलैत पेरणी, मग डवरणी, फवारणी, आणि दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणी. त्या दिवसांत सकाळी दहा वाजता कॅम्प लावला तर गावात म्हातारी माणसं आणि लहान लेकरंच सापडतात. "ताई, वेचणी सोडून कोण येईन जी आता?" हे उत्तर रास्त आहे. गडचिरोलीकडे मार्च-एप्रिलात मोह आणि त्यानंतर तेंदूपत्ता. त्या आठवड्यांत अख्खी कुटुंबं पहाटेपासून जंगलात असतात आणि वर्षाची बरीचशी रोकड तेव्हाच हातात येते. मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामासाठी बाहेर जातात आणि होळीला गावी परततात. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ता बंद. हे सगळं तक्त्यात मांडा. 'जुलै ते सप्टेंबर या काळात दुर्गम गावांत नमुने घेणार नाही, त्या काळात प्रयोगशाळेचं काम करू' असं एक वाक्य लिहिलेलं असलं की परीक्षकाला कळतं, या माणसानं गाव पाहिलं आहे.

शीतसाखळीचंही, म्हणजे नमुने थंड ठेवून नेण्याच्या सोयीचंही, तसंच. सकाळी घेतलेला नमुना संध्याकाळपर्यंत कुठं पोचतो, मध्ये लाइट गेली तर काय, डीप फ्रीझरला बॅकअप आहे का, गाडीचं भाडं खर्चाच्या कुठल्या शीर्षाखाली टाकलं आहे? हे खर्च राहून जातात आणि मग पहिल्याच उन्हाळ्यात नमुने खराब होतात.

माणसांचे पैसे विसरणं

एखाद्या शेतमजूर बाईला तपासणीसाठी तालुक्याला बोलावलं तर तिची त्या दिवसाची रोजी बुडते. आयसीएमआरच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजीची भरपाई मान्य आहे. फक्त ती एवढी मोठी नको, की माणूस पैशासाठीच होकार देईल. तरी बहुतेक बजेटांत ती नसतेच. आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या वेळेचाही मोबदला धरा. त्यांच्याकडे आधीच ढीगभर रजिस्टरं आहेत. तुमचं काम त्यांच्या डोक्यावर फुकट टाकणं अन्यायाचं आहे, आणि तशा कामातून येणारी माहितीही भरवशाची नसते.

संमतीपत्र फक्त मराठीत असून भागत नाही. माडिया, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या गावात ते त्या भाषेत समजावून सांगणारं माणूस हवं, आणि भाषांतर परत उलट करून तपासलेलं हवं. त्याचा खर्चही बजेटात दाखवा. सिकलसेलच्या बाबतीत आणखी एक जबाबदारी येते. वाहक म्हणून निघालेल्या मुलीचं लग्न या एका कागदावरून अडू शकतं. निकाल कोणाला, कसा आणि कुठं सांगणार, समुपदेशन कोण करणार, हे प्रस्तावातच लिहा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 2023 मध्ये सुरू झालं असल्यानं तुमचा अभ्यास सरकारी तपासणीत नेमकी कोणती भर घालतो, हाही प्रश्न येणार. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र आणि त्यांच्याशी आधी झालेलं बोलणं इथं फार उपयोगी पडतं.

मंजुरीनंतरच्या अडचणी

ट्रायल असेल तर पहिल्या सहभागी व्यक्तीची नोंद होण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी झालीच पाहिजे. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी घेत नाहीत. नोंदणीला पैसे लागत नाहीत. परदेशी पैसा किंवा भागीदार असेल तर एफसीआरए (परदेशी निधीचा कायदा) आणि आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी, दोन्हींचा वेळ धरा. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेच्या नावावर पैसे घेऊन गावातल्या ट्रस्टला द्यायची जुनी पद्धत आता चालत नाही.

दुसरा हप्ता अडकला की बहुतेक वेळा कारण यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, असतं. जीएफआर (सरकारी वित्तीय नियम) 12-ए नमुन्यातलं हे प्रमाणपत्र आणि खर्चाचं विवरण वेळेवर गेलं नाही, शीर्ष बदलून खर्च झाला किंवा व्याज परत भरलं नाही, की फाइल थांबते आणि प्रकल्पावरची पोरं महिनोन् महिने पगाराविना राहतात. त्यातली बरीच मुलं भाड्याच्या खोलीत राहून घरी पैसे पाठवणारी असतात, म्हणून या दिरंगाईचा मला फार त्रास होतो. उपाय साधा आहे. कॉलेजच्या अकाउंटंटला मंजुरीपत्र पहिल्याच दिवशी वाचायला द्या, प्रकल्पाचा हिशेब वेगळा ठेवायला सांगा, जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरची खरेदी डिसेंबरच्या आत उरका आणि मार्चअखेरीस यूसीचा मसुदा तयार ठेवा.

नकार आला तर

तोच प्रस्ताव तसाच्या तसा दुसऱ्या संस्थेकडे पाठवू नका. परीक्षकांचे शेरे मिळत असतील तर मागवून घ्या आणि प्रत्येक शेऱ्यासमोर काय बदललं ते लिहा. शेरा नसला तर तो प्रस्ताव त्या विषयाबाहेरच्या एखाद्या डॉक्टरला वाचायला द्या. पहिल्या पानावर प्रश्न कळला नाही असं ते म्हणाले, तर दोष तिथंच आहे. पूर्वी काही छापलेलं नसेल तर एका प्राथमिक आरोग्य केंद्रात केलेला छोटा पथदर्शी अभ्यास पुढच्या अर्जाचं पारडं जड करतो. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यार्थी योजना त्यासाठी उत्तम आहे. अहवाल मंजूर झाल्यावरच विद्यावेतन मिळतं, म्हणून मार्गदर्शकानं एथिक्सची मंजुरी आधीच घेऊन ठेवावी आणि त्या दोन महिन्यांत विद्यार्थ्याला वेळ द्यावा.