वादळानंतर मालवणात स्कूबा? या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीसाठी मालवण-तारकर्लीचं बुकिंग झालेलं असतं आणि नेमकं तेव्हाच अरबी समुद्रात काहीतरी शिजायला लागतं. २०१९ साली क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळं पाठोपाठ आली, तीही ऐन सुट्टीत. वादळ सरून ऊन पडलं की सगळ्यांचा एकच प्रश्न: उद्या स्कूबासाठी, म्हणजे हवेची टाकी पाठीला लावून, पाण्यात उतरता येईल ना? होडी सुटेलही. खाली काय दिसेल, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

वारा पडला म्हणजे समुद्र निवला, असं समजणं

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. वारा थांबतो, पण वादळाने दूरवर उठवलेल्या लांब लाटा, म्हणजे स्वेल, पुढे कितीतरी वेळ येत राहतात. क्यार आपल्या किनाऱ्याला धडकलंच नाही, ओमानच्या दिशेने गेलं; तरी कोकणात उधाणाचं पाणी आत घुसलं. एका लाटेमागून दुसरी लाट १२ सेकंदांनी येत असेल, तर खोल समुद्रात तिची लांबी सव्वादोनशे मीटरच्या आसपास भरते आणि त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत पाणी हलतं. नवख्यांना मालवणात नेतात ती खडपं, म्हणजे पाण्याखालचे खडक, त्यामानाने अगदीच उथळ. वर पाणी संथ दिसतं आणि खाली पाळण्यात बसल्यासारखे तुम्ही पुढे-मागे झुलत असता.

म्हणून फक्त वाऱ्याचा आकडा पाहू नका. समुद्राचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडे स्वेलची उंची आणि कालावधी (दोन लाटांमधले सेकंद) दोन्ही मिळतात. एक मीटर उंचीची लाट सहा सेकंदांची असेल तर किरकोळ, चौदा सेकंदांची असेल तर तळाशी झोके नक्की.

मिळेल त्या वेळेला उतरणं

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, उत्तरेला तोंडवळीजवळ गड नदी. वादळी पाऊस झाला की दोन्हीकडून तांबडं पाणी येतं. त्यातली रेती मिनिटांत खाली बसते; बारीक चिकणमाती दिवसचे दिवस तरंगत राहते. ओहोटीला हेच पाणी बाहेर पडून खडपांवर पसरतं, भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. त्यामुळे पूर्ण भरतीच्या आसपासची फेरी मागा.

वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. दशमी असेल तर भरती साधारण साडेसातला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ फार आणि गाळ खाली बसत नाही. अष्टमी-दशमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, ओढ कमी. म्हणजे नवमी-दशमीची सकाळची पहिली फेरी मिळाली तर भरती आणि भांग दोन्ही साधतं. तारीख बदलायची सोय असेल तर कॅलेंडरवर तिथी बघून बदला, शनिवार-रविवार बघून नव्हे.

मोठं काहीतरी दिसलंच पाहिजे, हा हट्ट

दोन मीटरपलीकडचं दिसत नसताना माशांच्या थव्यामागे धावण्यात अर्थ नाही. पाय जोरात मारले की तळाचा गाळ उठतो आणि मागच्याला काहीच दिसत नाही. खडकाच्या एका चौकोनी फुटावर नजर ठेवा: फटीतून डोकं काढणारा सापासारखा मासा मोरे ईल, फुलासारखा झुलणारा प्राणी सी अ‍ॅनिमोन, नखाएवढी रंगीत समुद्री गोगलगाय. वाळूवर मात्र हात-पाय टेकवू नका. वागळी हा चपटा मासा अंग पुरून बसलेला असतो आणि त्याच्या शेपटीच्या काट्याची कळ सहज विसरता येत नाही. फोटोत पांढरे ठिपके येत असतील तर कॅमेऱ्यात बिघाड नाही, फ्लॅशचा उजेड गाळाच्या कणांवरून परततोय. फ्लॅश बंद करा आणि जवळ जा.

काही होड्यांवर मासे जमवायला पाव टाकतात. फोटो छान येतो, पण सार्जंट मेजरसारखे धीट, पट्टेरी मासेच जमतात. बाकीचे पळतात. नको म्हणून सांगायला संकोच कसला?

पाण्याखाली अडलं तर

कान दुखतोय? जोर लावू नका. थोडं वर या, नाक दाबून हळू फुंका, मग परत खाली. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका. झोका आला की खडक पकडू नका, त्याच्याबरोबर जा. श्वास मात्र कधीही रोखायचा नाही; लाट तुम्हाला अचानक वर उचलते आणि उथळ पाण्यात मीटर-दीड मीटरचा फरकही फुप्फुसाला इजा करायला पुरतो. गाईड दिसेनासा झाला तर मिनिटभर शोधा, मग सावकाश वर. तुटून खडपात अडकलेल्या जाळ्यापासून लांबच राहा.

वादळाने तोडलंय, मग घेतलं तर काय बिघडलं?

बिघडतं. तुटलेला प्रवाळाचा तुकडा बऱ्याचदा जिवंत असतो. मेलेला असला तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात येतं. किनाऱ्यावर ब्लू बॉटल हे निळे, फुग्यासारखे समुद्री जीव पडलेले दिसले तर मेलेत म्हणून उचलू नका, तेही डंख करतात.

आणि कासव वाहून आलं तर त्याला पाण्यात ढकलण्याची घाई नको. ते दमलेलं किंवा जखमी असतं, लाटांत बुडू शकतं. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, कुत्र्यांना हाकला आणि वनविभागाला कळवा.