नवोदयच्या तयारीत आपणच करतो त्या चुका

"घरी सराव पेपरात नव्वद मार्क पडायचे हो गुरुजी, मग तिथं काय झालं?" निकाल लागला की हा प्रश्न दरवर्षी येतो. पाचवीची मुलं जवाहर नवोदय विद्यालयाच्या (केंद्र सरकारच्या शाळेच्या) सहावी प्रवेशाच्या निवड चाचणीला बसवताना इतकं लक्षात आलंय की, पोर हुशारीत क्वचितच कमी पडतं. चूक बहुतेक वेळा आम्हा मोठ्यांच्या तयारीत असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शिष्यवृत्तीच्या गाईडवरच नवोदय उरकणं. दोन्ही परीक्षांत बुद्धिमत्ता आहे, म्हणून एकच पुस्तक चालेल असं वाटतं, पण ते चालत नाही. नवोदयच्या पेपरात 80 प्रश्न, 100 गुण आणि 2 तास. त्यातले 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे, 20 अंकगणिताचे, 20 भाषेचे. म्हणजे निम्मे गुण बुद्धिमत्तेला, आणि तिथं सगळ्या आकृत्याच असतात. नातेसंबंध, दिनदर्शिका, सांकेतिक शब्द यांवर मूल महिनाभर घासतं आणि परीक्षेत त्यातलं काहीच येत नाही. येतं ते असं: गटात न बसणारी आकृती, आकृत्यांची मालिका, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद, मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती.

ह्या गोष्टी पुस्तकात बघून डोक्यात बसत नाहीत, त्या हाताने कराव्या लागतात. रद्दी पेपरची घडी घाला, कात्रीने एक कोपरा उडवा आणि उलगडण्याआधी मुलाला विचारा, "भोकं किती दिसतील आणि कुठं?" मग उलगडून दाखवा. आरसा घरात असतोच. पुठ्ठ्याचा चौकोन कापून त्याचे तुकडे पुन्हा जुळवायला द्या. आठवडाभर असा खेळ झाला की मूल आकृती मनात फिरवायला शिकतं. दहा सराव पेपर सोडवूनही ते जमेलच असं नाही.

सराव पेपरांचंही तेच. रविवारी एक, बुधवारी एक, झेरॉक्सचा ढीग वाढत जातो. गुण मोजले, पाठ थोपटली किंवा ओरडलो, पेपर कपाटात गेला. चुकलेल्या प्रश्नाकडे मात्र कुणी परत बघत नाही. एक वेगळी वही करा. चुकलेला प्रत्येक प्रश्न त्यात उतरवायचा आणि पुढे कारण लिहायचं: प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली, की येतच नव्हतं. मुलं 0.5 × 0.5 चं उत्तर 2.5 काढतात. 6 आणि 8 चा लसावि 48 सांगतात, कारण सरळ गुणाकार केलेला असतो. ह्यांना "लक्ष कुठं होतं?" असं विचारून उपयोग नाही. पहिल्याला पन्नास पैशांचे निम्मे किती ते विचारा, दुसऱ्याला दोन्ही पाढे शेजारी शेजारी लिहायला लावा. "खालीलपैकी कोणते नाही" मधला 'नाही' सुटणारी मुलं तर प्रत्येक वर्गात असतात. त्यांना त्या शब्दाखाली बोट ठेवायची सवय लावा.

ओएमआर, म्हणजे गोल काळे करून भरायच्या, यंत्राने तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेची तयारी बहुतेक घरांत होतच नाही. मूल वर्षभर पेन्सिलीने लिहितं, खोडतं, पुन्हा लिहितं. परीक्षेत बॉलपेनने गोल काळा करायचा असतो आणि केलेलं बदलता येत नाही. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. 17 वा प्रश्न नंतरसाठी सोडला आणि 18 व्याचं उत्तर 17 च्या गोलात भरलं की पुढची सगळी रांग सरकते. म्हणून शेवटचे दोन महिने तरी प्रत्येक सराव बॉलपेन आणि कोरी ओएमआर घेऊनच करा. गोल भरताना प्रश्नाचा क्रमांक पुटपुटायला सांगा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये.

सेमी इंग्लिशच्या मुलांचे पालक फॉर्म भरताना परीक्षेचं माध्यम सहज 'मराठी' निवडतात. मग पेपरात 'अपूर्णांक', 'परिमिती' दिसलं की मूल थबकतं. येत असलेलं गणित शब्दांत अडकतं. एक तर माध्यम विचार करून निवडा, नाही तर फ्रॅक्शन म्हणजे अपूर्णांक, एलसीएम म्हणजे लसावि, पेरिमीटर म्हणजे परिमिती अशी यादी भिंतीवर लावा.

आता कागदाची चूक. ती सुधारता येत नाही, म्हणून हे तिसरीतल्या पालकांनीही वाचावं. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. चांगला क्लास मिळावा म्हणून काही जण ऐन पाचवीत मुलाला शहरातल्या शाळेत घालतात आणि हा हक्क घालवून बसतात. जिल्हाही बदलू नका. ज्या जिल्ह्यातल्या नवोदयला बसायचं, पाचवी त्याच जिल्ह्यात हवी. सहावीसाठी ही परीक्षा एकदाच देता येते. पुढे नववीत रिकाम्या जागांसाठी वेगळी चाचणी असते, हे मात्र मुलाला आधीच सांगून ठेवा. त्याचा जीव हलका होतो.

शेवटची गोष्ट मी स्वतः उशिरा शिकलो. नवोदय निवासी शाळा आहे, हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, आकृत्या झरझर सोडवायची. परीक्षेच्या आठ दिवस आधी तिच्या चुका अचानक वाढल्या. बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, "पास झाले तर मला तिकडंच राहावं लागंल ना, गुरुजी?" त्या दिवशी पेपर बाजूला ठेवला आणि तिच्या आईला शाळेत बोलावून घेतलं. मग आम्ही तिघं बसून बोललो: तिथं कोण असतं, आई भेटायला कधी येऊ शकते, सुट्टीत घरी कसं यायचं.