सर्फॅक्टंटच्या द्रावणाचे प्रकाशीय वळण कसे मोजावे

साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याचे प्रतल उजवीकडे वळते, हा प्रयोग बीएस्सीला अनेकांनी केलेला असतो. त्यातला हे वळण मोजणारा पोलारिमीटर सर्फॅक्टंटसाठी, म्हणजे साबणासारख्या फेसाळणाऱ्या पदार्थांसाठीही वापरा. इथे प्रश्न जास्त रंगतदार आहे: रेणू सुटे असताना आणि ते गोळा होऊन त्यांचे पुंजके, म्हणजे मायसेल, झाल्यावर, वळण त्याच प्रमाणात राहते का?

पदार्थ. दोन घ्या. पहिला शाम्पू-टूथपेस्टमधला सोडियम लॉरिल सल्फेट. याच्या रेणूला डावे-उजवे नाही. २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८ मिलिमोलच्या वर त्याचे मायसेल बनतात, पण १ टक्का द्रावणातही वळण शून्यच दिसेल. म्हणजे नुसत्या मायसेलने प्रकाश वळत नाही. दुसरा सोडियम डीऑक्सिकोलेट, पित्तातला क्षार. त्याचा स्टेरॉइड सांगाडा असममित असल्यामुळे तो प्रकाश उजवीकडे वळवतो. पूड नाकात गेली तर झोंबते, म्हणून पंखा बंद करून, मास्क लावून तोला.

द्रावण. डीऑक्सिकोलेटची २.५ ग्रॅम पूड ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून ५० मिलि करा. नळाचे पाणी नको, त्यातल्या कॅल्शियममुळे साका बसतो. सामू (pH) ८.५ ते ९ ठेवा, लागल्यास पातळ सोडियम हायड्रॉक्साइडचा एखादा थेंब घाला. याकडे काणाडोळा करू नका. आम्लता थोडी वाढली तरी हे द्रावण दाट, जेलीसारखे होते. ॲलेक्झांडर रिच आणि डेव्हिड ब्लो यांनी १९५८ मध्ये दाखवले, की तेव्हा हे रेणू एकमेकांना धरून सर्पिल रचना करतात. मग तुम्ही मोजाल ते साध्या मायसेलचे वळण नसेल.

फ्लास्क हलवायचा नाही, सावकाश उलटासुलटा करायचा. खुणेपर्यंतचे शेवटचे पाणी ड्रॉपरने भिंतीवरून सोडा, नाहीतर फेसात खूण दिसत नाही. यातूनच ४, ३, २, १ टक्क्यांची द्रावणे करा.

नळी भरणे. निम्म्या चुका इथेच होतात. २ डेसिमीटरची नळी तिरकी धरून द्रावण काठावरून ओता, फेस बसेपर्यंत थांबा, काचेची चकती बाजूने सरकवत बसवा. उरलेला बुडबुडा नळीच्या फुगीर भागात घ्या. टोपण फार घट्ट पिळू नका. चकतीवर ताण आला की ती स्वतःच प्रकाशाचे ध्रुवण बिघडवते आणि खोटे वळण दिसते.

वाचन. सोडियम दिवा दहा मिनिटे तापू द्या. नळीत ऊर्ध्वपातित पाणी भरून शून्य घ्या. अर्धछाया उपकरणात दिसणाऱ्या वर्तुळाचे दोन्ही अर्धे सारखेच मंद दिसतील ती जागा धरा. दोन्ही सारखे उजळ दिसतात ती जागा कामाची नाही, तिथे डोळ्याला फरक कळत नाही. प्रत्येक वाचन डावीकडून आणि उजवीकडून येऊन घ्या आणि सरासरी काढा. उपकरणाची खात्री हवी असेल तर १०० मिलित १० ग्रॅम साखर याच नळीत सुमारे १३.३ अंश दाखवते.

हिशेब. वळणाला नळीच्या लांबीने (डेसिमीटर) आणि संहतीने (ग्रॅम प्रति मिलि) भागा, विशिष्ट वळण मिळेल. डीऑक्सिकोलेटचे ते साधारण +४० च्या वर असते, म्हणजे ५ टक्क्यांना चारेक अंश.

आता मूळ प्रश्न. वळण आणि संहती यांचा आलेख काढला की मायसेल बनू लागतात त्या भागात रेषेचा उतार बदलू शकतो, कारण शेजारी बदलला की रेणूची प्रकाशाशी वागणूकही थोडी बदलते. पण डीऑक्सिकोलेटमध्ये हा भाग ०.१ ते ०.२५ टक्क्यांच्या आसपास येतो, तिथे एकूण वळणच ०.१ ते ०.२ अंश असते. ०.१ अंश लघुत्तम मापाच्या उपकरणाला हे पकडता येणार नाही. त्यासाठी ०.००१ अंशापर्यंत वाचणारा डिजिटल पोलारिमीटर आणि स्थिर तापमान हवे. तिथेही ठळक कोपरा शोधू नका. पित्तक्षारांचे पुंजके सुरुवातीला अगदी मोजक्या रेणूंचे असतात आणि हळूहळू वाढतात, त्यामुळे रेषा वाकते ती सावकाश.

काम झाल्यावर नळी लगेच ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. आम्लाने धुतलीत तर डीऑक्सिकोलिक आम्लाचा पांढरा थर काचेला चिकटून बसेल.