कानावरचा कर्करोग काढल्यानंतर कान घडवताना या चुका टाळा

माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणारे बिघडलेले कान पाहिले, की बहुतेकांच्या मुळाशी सर्जनची घाईच आढळते. त्वचेचा कर्करोग काढून झाला, समोर खड्डा दिसतो आहे आणि तो त्याच बैठकीत बुजवण्याचा मोह आवरत नाही. काढलेल्या तुकड्याच्या कडा कर्करोगमुक्त असल्याचा पॅथॉलॉजीचा अहवाल हाती येण्यापूर्वी फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासह शेजारून सरकवलेली त्वचा, फिरवणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

उमेदवारीच्या काळात ती माझ्या हातूनही घडली. साठीतल्या एका आंबा बागायतदाराच्या कानावरचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग मी काढला, कडा डोळ्यांना स्वच्छ दिसल्या म्हणून कानामागच्या त्वचेचा फ्लॅप तिथल्या तिथे बसवला, आणि आठव्या दिवशी खोलवरची कड बाधित असल्याचा अहवाल आला. फ्लॅप फिरवल्यामुळे बाधित जागा नेमकी कोणती हे उमगेना, म्हणून तो सगळाच काढावा लागला आणि कानामागची ती उपयोगी त्वचा कायमची गेली. "डॉक्टर, भरलेला कान परत का कापताय?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मोस पद्धतीची (थराथराने काढत प्रत्येक थर लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे) किंवा फ्रोझन सेक्शनची (तुकडा गोठवून शस्त्रक्रियेदरम्यानच तपासणे) सोय नसेल, तर मी नमुन्याच्या वरच्या टोकाला लांब आणि पुढच्या टोकाला आखूड रेशमी टाका घालून तो पाठवतो, जखमेवर मलम आणि पॅराफिनची जाळी ठेवतो आणि अहवालाची वाट पाहतो. कानाला आकार देणारी लवचीक कूर्चा उघडी असताना कोरडी पडू दिली नाही, तर या काही दिवसांनी बिघडत काही नाही.

दुसरी चूक अंतिया-बुच फ्लॅपची आहे. मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया आणि डॉ. बुच यांनी १९६७ मध्ये मांडलेली ही पद्धत कानाच्या कडेवरच्या साधारण दोन-अडीच सेंटिमीटरच्या खड्ड्याला फार सुंदर लागू पडते. तिच्यात कडेच्या आतल्या पन्हळीतून पुढची त्वचा आणि कूर्चा कापायची असते, मागची त्वचा मात्र अखंड ठेवून फक्त कूर्चेपासून सोडवायची असते, कारण कडेचा रक्तपुरवठा तिच्यातूनच येतो. शिकाऊ डॉक्टर कड लवकर सरकावी म्हणून पाते आरपार नेतात आणि दोन दिवसांत कड काळी पडते. मी कूर्चा कापताना डाव्या हाताचे बोट कानामागे ठेवतो, म्हणजे पाते कुठवर पोहोचले ते बोटाला कळते.

दीड सेंटिमीटरहून मोठा पाचरीसारखा छेद सरळ शिवला, तर कान पेल्यासारखा पुढे वळतो. आवरण निघालेल्या उघड्या कूर्चेवर ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून सुटी काढून लावलेली त्वचा, धरत नाही. तिला दोन मिलिमीटरच्या पंचने छिद्रे पाडून मागच्या बाजूचे रक्त वर येऊ द्यावे किंवा तेवढी कूर्चा काढावी. टाके घालताना कडेची त्वचा बाहेर उचललेली नसेल तर पुढे खाच पडते. ग्राफ्टवर बांधलेला दाबाचा बोळा तिसऱ्या दिवशी काढून पाहण्याची उत्सुकता आवरावी. पाळी सोडून बाकी कान लाल, गरम आणि दुखरा झाला, तर कूर्चेच्या आवरणाचा संसर्ग समजून स्यूडोमोनास या जिवाणूला लागू पडणारे प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू करावे.

कानाच्या वरच्या भागाची आखणी मी रुग्णाला बसवून, त्याचा नेहमीचा चष्मा घालायला सांगून करतो आणि दांडी जिथे टेकते तिथे शाईची खूण करतो, कारण आडव्या झोपलेल्या रुग्णाच्या कानावर ती जागा दिसत नाही.