पेव्हर ब्लॉक बसवायचे? आधी कर्ब स्टोन मागवा

फावडी, घमेली, दोरी, लेव्हलची नळी मिस्त्री आणतोच. तुम्ही ब्लॉकच्या ऑर्डरमध्येच कर्ब स्टोन, म्हणजे ब्लॉक सरकू नयेत म्हणून कडेला बसवायचे ठोकळे, लिहून घ्या. आमच्याकडे मागच्या खेपेला तेच राहिले. पावसाळ्यात गेटजवळची ओळ चाकाच्या दाबाने बाहेर सरकली, फटींतली रेती वाहून गेली आणि अख्खी पट्टी उचलावी लागली.

माती बघा. नागपुरातल्या बऱ्याच ले-आउटमध्ये काळी माती लागते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर काहीच टिकत नाही. गाडी उभी करायची असेल तर फूट-सव्वा फूट खोदून ती बाहेर काढा. मुरूम चार-चार इंचांच्या थरांनी, पाणी मारून, दाबून भरा, वर गिट्टी-चुरी (खडी आणि तिचा बारीक चुरा). एकदम भरून वरून रोलर फिरवला तर खालचा मुरूम पोकळच राहतो. आणि खोदकाम कडेपेक्षा अर्धा फूट बाहेर न्या, कारण कर्बखालीही हाच दाबलेला मुरूम हवा.

ब्लॉक चालण्यापुरते 60 मिमी जाडीचे, गाडीसाठी 80 मिमी. कापाकापीसाठी थोडे जास्त घ्या. उतार घरापासून गेटकडे, दहा फुटांना दोन-अडीच इंच. पाण्याचे, वायरीचे पाइप आत्ताच टाका.

आता कड. मिस्त्री म्हणेल, "ते शेवटी लावून देऊ." ऐकू नका. शेवटच्या ओळीला बाहेरून सिमेंटचा हात मारून देणं म्हणजे कड नव्हे, ते पहिल्याच वर्षी सुटतं. कर्ब काँक्रीटमध्ये बसवायचा, त्याच्या पाठीलाही काँक्रीट द्यायचं, आणि हे सगळं ब्लॉक मांडायच्या आधी. बागेकडची बाजू हमखास सोडून देतात. तिथे माती मऊ असते, म्हणून कर्ब तिथेच जास्त लागतो. भिंत नाही त्या प्रत्येक बाजूला कड हवीच. काम मे महिन्यात निघालं तर त्या उन्हात काँक्रीटवर ओलं गोणपाट टाका, नाहीतर ते कच्चं राहील. जमलं तर फेब्रुवारीतच उरका.

रेती इंच-दीड इंच, जास्त नाही. खोलगट जागा रेतीने भरू देऊ नका, चाकाखाली तिथेच खड्डा पडतो. मग मांडणी झिगझॅग, कटरने तुकडे, कॉम्पॅक्टर (ब्लॉक दाबून बसवायचं मशीन), फटींत कोरडी बारीक रेती, झाडू, पुन्हा कॉम्पॅक्टर, पुन्हा रेती. कर्बचं काँक्रीट आठवडाभराचं झालं असेल तरच गाडी आत घ्या.